मॉरिशसचे समुद्रकिनारे : मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला, पण समुद्र फळ्यावर निळ्या खडूनं काढण्यापलीकडे माझा त्याच्याशी संबंध आला नव्हता. निवृत्तीनंतर मुलानं जुलैत मॉरिशसला नेलं. ते इतकं आवडलं की पुढच्या वर्षी डिसेंबरात आम्ही नवरा-बायको पुन्हा जाऊन आलो. तेव्हापासून परभणी, जिंतूर, नांदेड, लातूरहून फोन आणि मेसेज सुरू आहेत. माजी विद्यार्थी विचारतात, त्यांचे सासरेही विचारतात. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा देण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो. प्रश्न ज्याचे त्याच्या भाषेत ठेवलेत, फक्त नावं काढलीत.

१. सर, ज्वालामुखीचं बेट म्हणता, मग तिथं धोका नाही का? लाव्हा बिव्हा?

नाही. मॉरिशसचा ज्वालामुखी हजारो वर्षांपासून थंड आहे. क्यूरपीप गावात त्रू-ओ-सेर्फ नावाचं ज्वालामुखीचं तोंड आहे. त्याच्या काठावरून लोक सकाळी फिरायला जातात आणि आत झाडी वाढलीय. गंगा तलाव म्हणजे ग्रां बासें, जिथं महाशिवरात्रीला लाखो लोक कावडी घेऊन चालत येतात, तेही ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं पाणी आहे. जागता ज्वालामुखी शेजारच्या रेयुनियों बेटावर आहे, साधारण दोनशे किलोमीटर नैर्ऋत्येला. त्याबद्दल प्रश्न १५ बघा.

२. बेट ज्वालामुखीचं, मग वाळू काळी का नाही? फोटोत तर पांढरीशुभ्र दिसते.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, म्हणून उत्तर थोडं लांबणार.

ती वाळू दगडाची नाहीच. ती प्रवाळाची, शंख-शिंपल्यांची, समुद्री जीवांच्या कवचांची आहे. बेटाभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळाचा कट्टा आहे. लाटा तो फोडतात, चुरा आत ढकलतात. शिवाय पोपटमासा नावाचा एक मासा प्रवाळ चावून खातो आणि न पचलेला चुना बारीक वाळू करून बाहेर टाकतो. आपण ज्या मऊ वाळूवर चटई टाकून पडतो, तिच्यातला काही भाग माशाच्या पोटातून आलेला असतो. हे ऐकल्यावर आमची सौ. जरा सावरून बसली.

माझा मास्तरकीचा किडा गप्प बसेना. बेल मारच्या किनाऱ्यावर चिमूटभर वाळू तळहातावर घेतली आणि जेवणातलं लिंबू पिळलं. बारीक फेस आला. म्हणजे चुना. बेसॉल्टच्या, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडाच्या कणांवर लिंबू पिळा, काही होत नाही. त्याच किनाऱ्यावर चुन्याच्या जुन्या भट्ट्यांचे अवशेष उभे आहेत. प्रवाळ भाजून चुना करायचे, बांधकामासाठी आणि साखर कारखान्यात उसाचा रस निवळायला. आपल्याकडच्या कारखान्यांतही रस चुन्यानंच निवळतात.

काळा दगड तिथंही आहे, फक्त वाळूखाली आणि वाळूच्या कडेला. पांढऱ्या वाळूत मध्येच काळे खडक डोकं वर काढून बसलेले दिसतात. जिथं नदी समुद्राला मिळते, तिथं वाळू करडी होते, कारण नदी डोंगराचा चुरा घेऊन येते. पश्चिमेचा तामारें किनारा त्यासाठी बघावा.

३. तिथला दगड आपल्यासारखाच आहे म्हणे. हे खरं की मास्तरांची अतिशयोक्ती?

खरं आहे, आणि दिसण्यापुरतंच नाही. पृथ्वीच्या पोटात एका जागी खालून सतत उष्णता वर येते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचा भूखंड नेमका त्या जागेवरून सरकत होता. तेव्हा जो लाव्हा थरावर थर साचला, तो आपला दख्खनचा कातळ. वेरूळचं कैलास लेणं त्यातच कोरलंय, देवगिरीचा तासलेला कडाही तोच. भारत उत्तरेकडं सरकत गेला, उष्णतेची जागा मागं राहिली. तिनं पुढं लक्षद्वीप, मालदीव आणि चागोसच्या खालची डोंगररांग घडवली, मग साधारण ८०-९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस, आणि आता ती रेयुनियोंखाली आहे. बहुतेक भूशास्त्रज्ञ हे असंच मांडतात. एकाच चुलीवरच्या भाकरी म्हणा. आपली आधी उतरली, त्यांची बरीच उशिरा.

म्हणून मॉरिशसला उतरल्यावर मला परकं वाटलंच नाही. विमानतळावरून गाडी निघाली की दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठाले ढिगारे. शेतातले दगड वेचून एकावर एक रचलेले. आपल्या शेतकऱ्याला हे सांगायला नको, बांधावरचा ढीग बघून तो लगेच ओळखतो की इथं कुणाच्या तरी पिढ्यांची पाठ मोडलीय. तिथं ती मोडली भारतातून करारावर नेलेल्या मजुरांची. १८३४ पासून त्यांची जहाजं यायला लागली. ज्या धक्क्यावर ते उतरले तो आप्रवासी घाट पोर्ट लुईमध्ये आहे आणि २००६ पासून जागतिक वारसा आहे. किनारे बघायला जाल तेव्हा अर्धा दिवस तिथं द्या, असं माझं मत आहे. किनारे पळून जात नाहीत.

मातीत मात्र फरक आहे. आपली काळी, त्यांची बरीचशी तांबडी. दगड तोच, पण मधल्या पठारावर पाऊस आपल्या कितीतरी पट पडतो आणि झिजून उरतं ते तांबडं.

४. आम्ही पहिल्यांदाच समुद्र बघणार. सगळ्यात आधी कोणत्या किनाऱ्यावर जावं?

पहिल्यांदा असेल तर त्रू-ओ-बिश किंवा मॉं श्वाझी. दोन्ही वायव्येला. पाणी उथळ, निवांत, तळ दिसतो.

एक इशारा देतो. पहिल्या क्षणी तुमची निराशा होईल. माझी झाली. समुद्र म्हटलं की गाज ऐकू येणार, लाट अंगावर येणार, असं डोक्यात होतं. इथं किनाऱ्याला पाणी नाथसागरासारखं शांत. दहा मिनिटं बसल्यावर लक्षात आलं की आवाज आहे, पण फार लांबून येतोय, रात्री स्टेशनवरून मालगाडी निघून जावी तसा. आणि लांब पाण्यात एक पांढरी रेघ हलतेय. ती प्रवाळाच्या कट्ट्यावर फुटणारी लाट. खरा समुद्र रेघेच्या पलीकडं. अलीकडं जे आहे ते त्याचं अंगण. हे कळलं आणि मग मी तासभर उठलो नाही.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. फ्लिक-आं-फ्लाक पश्चिमेला आहे, लांबलचक, सूर्यास्तासाठी उत्तम, आणि रविवारी तिथं स्थानिक कुटुंबांची जत्रा भरते. सुरूच्या झाडांखाली पातेली, गाणी, पत्ते, पोरं. हॉटेलच्या किनाऱ्यापेक्षा मला हा प्रकार जास्त भावला. बेल मार पूर्वेला, वाळू सगळ्यात देखणी, सूर्योदय तिथून बघावा, पण वारा असतो (प्रश्न ७). ब्लू बे आग्नेयेला, विमानतळाजवळ, संरक्षित सागरी उद्यान. काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ आणि मासे दिसतात, पोहता न येणाऱ्यांना हे सोयीचं. इल-ओ-सेर्फ हे छोटं बेट होडीनं गाठतात. सुंदर आहे, पण दुपारी इतकी गर्दी की आठवडी बाजार बरा. जायचंच तर सकाळची पहिली होडी धरा.

५. पोहता येत नाही. पाण्यात उतरलं तर चालेल का?

कमरेपर्यंत, आणि बोये (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा) बांधून आखलेल्या हद्दीच्या आत, चालेल. कट्टा लाटा अडवतो म्हणून अंगणातलं पाणी सहसा शांत असतं. विहिरीसारखा एकदम खोल तळ नाही, हळूहळू उतार आहे.

आता सावध करणारा भाग. कट्टा अखंड नाही. जिथं नदीचं गोडं पाणी समुद्रात येतं तिथं प्रवाळ वाढत नाही, म्हणून तिथं खिंडार पडतं. अंगणात आलेलं पाणी त्या खिंडारातून परत बाहेर धाव घेतं, आणि ती ओढ वरून दिसत नाही. आपल्याकडं धरणात पोहणारी पोरं म्हणतात, "आपण तर गोदावरीत पोहतो, ह्याला काय घाबरायचं!" नेमकी हीच मंडळी अडकतात. स्थानिक माणूस ज्या जागी पोहत नाही, तिथं आपणही उतरायचं नाही, एवढा नियम पुरे.

६. ग्री-ग्रीच्या लाटांचे व्हिडिओ पाहिले. तिथं अंघोळ करता येते का?

नाही. बघायला मात्र नक्की जा. सुय्याक गावाजवळ दक्षिण टोकाला एवढ्या पट्ट्यात कट्टाच नाही. समुद्र थेट काळ्या कड्यावर येऊन आदळतो. चार दिवस निळं अंगण बघून आलेल्या माणसाला इथं कळतं की कट्टा नसता तर अख्खं बेट कसं दिसलं असतं. आमच्या सौ.ला मॉरिशसमधली हीच जागा सगळ्यात जास्त आवडली. ती म्हणाली, "हा खरा समुद्र, बाकी सगळं टाकीतलं पाणी." मी वाद घातला नाही. कड्याच्या कडेला सेल्फी काढू नका, ओला कातळ निसरडा असतो.

७. पोरांना सुट्ट्या म्हणून आम्ही मे महिन्यात जायलोत. बरोबर आहे ना?

बरोबर आहे. मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली, म्हणजे ऋतू उलटे. नोव्हेंबर ते एप्रिल त्यांचा उन्हाळा, मे ते ऑक्टोबर हिवाळा. परभणीच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांतून मेमध्ये तिथं उतरलात की पोरं एसीत शिरल्यासारखं करतील.

जून ते सप्टेंबर आग्नेयेकडून जोराचा वारा वाहतो. जुलैत आम्ही बेल मारला होतो, वाळू उडून डोळ्यात, डोक्यावरची टोपी उसात. त्याच दिवशी दुपारी पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाकला गेलो तर पान हलत नव्हतं. मधले डोंगर वारा अडवतात. म्हणून हिवाळ्यात मुक्काम पश्चिमेला किंवा वायव्येला घ्या. एजंट तुम्हाला स्वस्तात पूर्वेचं हॉटेल देतो तेव्हा स्वस्त का आहे ते आधी विचारा.

जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे दिवस. वादळ येतंच असं नाही, पण इशाऱ्याचे चार टप्पे असतात आणि वरच्या टप्प्याला सगळं बंद होतं. मग किनारा विसरा आणि खोलीत बसा.

८. भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून जावं लागतं का?

मुंबई-कोकणासारखं नाही. मुंबईत मोठ्या भरतीला पाणी चार मीटरपेक्षा जास्त चढतं, मॉरिशसला अर्ध्या मीटरच्या आसपास. ओहोटीला काही उथळ किनाऱ्यांवर पाणी गुडघ्याखाली जातं आणि खडक उघडे पडतात, इतकंच. तेव्हा पायाकडं लक्ष ठेवा (प्रश्न ११).

९. फोटोत दिसतो तो समुद्रातला धबधबा कोणत्या किनाऱ्यावरून दिसतो?

कोणत्याच नाही. ह्या एका प्रश्नानं माझे पैसे घालवले, म्हणून नीट सांगतो. पहिल्या खेपेला एका एजंटानं 'अंडरवॉटर वॉटरफॉल दर्शन' असं सहलीच्या कागदावर लिहून दिलं होतं. ल मॉर्नच्या किनाऱ्यावर उभं केलं आणि म्हणाला, तो तिकडं समोर. समोर फक्त पाणी.

पाणी समुद्रात पडत नसतंच, पडून जाणार कुठं? ल मॉर्नच्या टोकाजवळ उथळ कट्टा संपून तळ एकदम खोल जातो. प्रवाह वाळू आणि गाळ त्या कडेवरून खाली वाहून नेतो, आणि फिकट ते गडद निळ्या रंगांमुळं वरून ते धबधब्यासारखं दिसतं. वरून म्हणजे हेलिकॉप्टरमधून किंवा समुद्री विमानातून. खिसा परवानगी देत असेल तर बघा. नसेल तर मोबाइलवरचा फोटो पुरेसा आहे, मी तेच केलं.

ल मॉर्नला तरीही जाच. ५५६ मीटर उंच काळ्या कातळाचा तो डोंगर थेट किनाऱ्यावर उभा आहे. मळ्यांतून पळून गेलेले गुलाम त्याच्या कपारींत लपून राहत. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामी उठली. लोक अशी कथा सांगतात की ती बातमी द्यायला आलेल्या शिपायांना पाहून, आपल्याला धरायला आलेत असं समजून, वरच्या माणसांनी कड्यावरून उड्या टाकल्या. २००८ पासून हा डोंगर जागतिक वारसा आहे. खाली लोक रंगीत पतंग बांधून लाटांवर घसरतात, वर तो डोंगर. दोन्ही एका नजरेत मावत नाहीत.

१०. मोठ्या हॉटेलासमोरच्या किनाऱ्यावर आपल्याला बसू देतात का?

देतात, द्यावंच लागतं. भरतीची रेघ जिथंवर येते तिथंवरचा किनारा सगळ्यांचा आहे. हॉटेलच्या खुर्च्या, छत्र्या, नळ मात्र त्यांचे. आम्ही स्वतःची चटई टाकून बसलो, कुणी उठवलं नाही. अडचण असते ती आत जायच्या वाटेची, कारण मागं सगळी हॉटेलं. सार्वजनिक किनाऱ्यावरून उतरून वाळूतून चालत जायचं.

११. पायात काटा भरला तर? दगडमाशाबद्दल ऐकून पोरं घाबरलीत.

घाबरू नका, चपला घाला. रबरी तळव्याचे पाण्यातले बूट तिथं बाजारात मिळतात. समुद्री साळू, म्हणजे काटेरी काळा गोळा, खडकांच्या फटीत असतो. त्याचा काटा मोडून आत राहतो, उकरत बसू नका, दवाखाना गाठा. दगडमासा विषारी आणि हुबेहूब दगडासारखा, स्थानिक लोक त्याला 'लाफ' म्हणतात. टोचलं तर सहन होईल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि लगेच दवाखाना. स्वच्छ वाळूच्या तळावर हा धोका कमी, खडकाळ जागी जास्त.

शार्कबद्दलही विचारतात. कट्ट्याच्या आतल्या अंगणात ती भीती मनात ठेवायचं कारण नाही. रेयुनियोंची गोष्ट वेगळी आहे (प्रश्न १५).

१२. थोडी वाळू, शंख, नाहीतर एखादा प्रवाळाचा तुकडा आणता येतो का? देव्हाऱ्यात ठेवायला.

नका आणू. प्रवाळ आणि शंख-शिंपल्यांवर बंधनं आहेत, विमानतळावर काढून घेतात. तिथं बांधकामासाठी अंगणातली वाळू पिढ्यान्‌पिढ्या काढली गेली आणि किनारे खचू लागले, म्हणून २००१ पासून तो उपसा बंद केला. गोदावरी, पूर्णा, दुधनेच्या पात्रांचं वाळूवाल्यांनी काय केलं हे आपण बघतोच आहोत, त्यामुळं हे उत्तर मी परभणीकरांना दोनदा सांगत नाही.

१३. शाकाहारी आहोत. किनाऱ्यावर काय खायचं? आणि कुणी मराठी बोलतं का?

खाण्याची चिंताच सोडा. किनाऱ्यावरच्या गाडीवर डाळपुरी मिळते, पिवळ्या डाळीचं सारण भरलेली पातळ पोळी, आत उसळ आणि चटणी, गुंडाळून हातात. पुरणपोळीची तिखट बहीण. 'गातो पिमां' म्हणजे आपले डाळवडे. अननस सोलून, चिरा पाडून, मीठ-मिरची लावून देतात. थंड आलुदा पिऊन बघा, फालुद्याचा भाऊ. पैसे देताना लक्षात ठेवा, त्यांचा रुपया आपल्या रुपयापेक्षा महाग आहे. रुपया नाव वाचून मी पहिल्या दिवशी उधळपट्टी केली. नोटेवर देवनागरी अक्षरं दिसतात म्हणून फसू नका.

मराठी माणसं आहेत. मुख्यतः कोकणातून गेलेल्यांचे वंशज. घरात बहुतेक जण क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली, बोलतात, पण मराठी शाळेत शिकवली जाते, भजनं आहेत आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. डाळपुरीच्या गाडीवर एका आजींनी मला विचारलं, "तुम्ही महाराष्ट्राचे?" मग त्यांनी एक आरती म्हणून दाखवली. चाल आपलीच, उच्चार त्यांचे. गाडीवाल्यानं पैसे घेतले, आजींनी दुसरी डाळपुरी दिली.

१४. तिथं जहाजातून तेल सांडलं होतं ना? किनारे खराब झालेत का?

२५ जुलै २०२० ला वाकाशियो नावाचं मालवाहू जहाज आग्नेयेला प्वां देस्नीजवळच्या कट्ट्यावर चढलं आणि ऑगस्टमध्ये सुमारे हजार टन तेल समुद्रात गेलं. लोकांनी सरकारची वाट पाहिली नाही. उसाचं पाचट कापडात भरून लांब वळकट्या शिवल्या आणि तेल अडवायला पाण्यात सोडल्या. पाचटाचा हा उपयोग ऐकून आमच्या गावाकडचा एक ऊसतोड मुकादम बराच वेळ गप्प बसला. आम्ही गेलो तेव्हा त्या भागात डोळ्यांना तेल दिसलं नाही. ब्लू बे बघायला हरकत नाही.

१५. आम्हाला काळ्या वाळूचाच किनारा बघायचाय. मग?

मग रेयुनियों. तिथला पितों द ला फुर्नेझ वारंवार उसळतो, आणि पश्चिम किनाऱ्यावर एतां-साले इथं खरोखर काळी वाळू आहे, दुपारी पाय भाजतात. पण दोन गोष्टी आधी बघा. एक, ते बेट फ्रान्सचा भाग आहे. मॉरिशसला पर्यटक म्हणून जाताना भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही, परतीचं तिकीट आणि राहण्याची सोय दाखवावी लागते. रेयुनियोंचे नियम वेगळे, ते फ्रेंच दूतावासाकडून विचारून घ्या. दोन, शार्कच्या हल्ल्यांमुळं २०१३ पासून तिथं अंगणाबाहेर आणि देखरेखीच्या जागा सोडून पोहण्यावर बंदी घातलेली आहे. काळी वाळू बघायची, पाय भिजवायचे, आणि पाटी काय म्हणते ते वाचूनच पुढं पाऊल टाकायचं. पाट्या फ्रेंचमध्ये असतात. लाल झेंडा मात्र सगळ्यांना कळतो.